सत्काराआधीचा दात

दातांच्या दवाखान्यात सुहासिनीबाई नंबरची वाट पाहत बसल्या होत्या. शेजारी एक आई आणि तिची कॉलेजातली मुलगी. मुलीचा समोरचा दात नव्हता. बाईंनी पेपर मिटला आणि ऐकू लागल्या.

“मम्मी, आज दात नको बसवू. उद्या सत्कार आहे, फोटो निघेल.”

“म्हणूनच आणलं ना तुला. अशी हसशील का फोटोत?”

“हो. मुलींची ही पहिलीच विद्यापीठ आइस हॉकी स्पर्धा होती. फायनलमध्ये गोल अडवताना हेल्मेटची जाळी तोंडावर बसली.”

“जबलपूरच्या पोरीला बर्फ काहून पाहिजे? विजय नगरात चाकांच्या स्केटवर खेळत होती, ते बरं होतं.”

“त्याच्यावरच तर शिकले. लेहच्या मुली विचारत होत्या, तुमच्याकडे बर्फ कुठे असतो? मी म्हटलं, फ्रिजमध्ये.”

“पण हरल्या ना शेवटी?”

“एका गोलनं. पुढे कोणी विचारलं, पहिल्या वर्षी कोण खेळलं होतं, तर आमचं नाव निघेल, मम्मी.”



“चिन्मयी जी, अंदर आइए,” काउंटरवरून हाक आली.

“भैया, हम परसों आएंगे,” आई उठली. मग सुहासिनीबाईंकडे वळली. “तुम्ही जा ताई आत. उद्या हिचा फोटो निघून राहिला.”