न्हंय!

हसायचं नाही हं! साठ सालच्या आसपास मी सांगलीहून मालवणला बालवाडीचं काम शिकायला गेले. लहान मुलांना किती शब्द येतात ते मला तपासायचं होतं आणि शिकवणाऱ्या बाई मागे बसून माझीच परीक्षा घेत होत्या. मी नदीचं चित्र धरून चिमुरड्या सुमनला विचारलं, "ही नदी ना?"

"न्हंय."

मी समजले, 'नव्हे' म्हणतेय. "मग काय, रस्ता?"

"नाय गो! न्हंय!"

"नाही, नाही काय? आहे काय ते सांग!"

"न्हंऽऽय!" ती रडकुंडीला आली, मीही.

बाई म्हणाल्या, "अगं, इथे नदीलाच न्हंय म्हणतात."

सुमनने डोळे पुसले. "बाईनु, हिका कायच येना नाय. हिका आमच्यावांगडा बसवा."

बाईंनी मला मुलांच्या रांगेत बसवलंच!