बालवाडीच्या निरोपाचं पोस्टर

— नाही ताई, कुठलंच पोर पुसलेलं नाही, सगळी आहेत, एकावर एक चढलेली. मी काय केलं, तुमच्या दुकानात छापायला आणायच्या आधी घरीच सगळे फोटो एकदम धरले आणि ते मधोमध आणायचं बटण दाबलं — आडवं पण, उभं पण. वाटलं, शहाणं यंत्र आहे, रांगा लावील. त्यानं पत्त्यांच्या जोडासारखा गठ्ठा लावला. आणि सगळ्यांत वर आमचा एमेट. शेवटी ठेवलेला फोटो वरच येतो, हो ना? मग तेवढं मर्नाबाईंना सांगा तुम्ही. मर्ना म्हणजे पालकांच्या कमिटीची मुख्य. मी न बघताच सगळ्या पालकांना पाठवलं — म्हणजे बघितलं, पण एमेट छान दिसत होता, म्हणून पाठवलं. लगेच तिचं उत्तर, ‘अभिनंदन गं, यंदा वर्गात एकटाच पास झाला वाटतं.’ खाली इतर आयांनी पाठवलेली हसरी तोंडं. ती मात्र सरळ रांगेत, कुणाला लावावी लागली नाहीत.

तर गठ्ठा सोडवा. किंडरगार्टनला, म्हणजे पुढच्या मोठ्या शाळेत, चाललेली पोरं वर, एका ओळीत, सारखं अंतर ठेवून. मर्ना पट्टी लावून मोजते हो. पार्टीला ब्राउनी आणते, त्याही मोजून कापलेल्या. आणि खाली — खाली दोघंच. डेकरची मुलगी आणि एमेट. जरा लहान करून. कमिटीनं तसं ठरवलंय. — छे, नापास कसला? एवढ्याशा पोराला कोण नापास करतं? त्याच्या वर्गावरच्या मिस ट्रूडीनं मला बोलावलं, त्या पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसवलं, गुडघे हनुवटीला, आणि म्हणाली, ‘एमेटला बालवाडीचं अजून एक वर्ष भेट देऊ या.’ भेट म्हटल्यावर काय करणार, मी थँक्यू म्हणाले. बोलतो हो तो. घरी बोलतो. कुत्र्याशी तर तोंड मिटत नाही. शाळेतच गप्प असतो, एवढंच. नवरा म्हणतो, ‘डार्ला, घोर नको लावून घेऊस, मी पण उशिराच बोलायला लागलो.’ तो अजून कुठं बोलतोय, त्याचाच तर मला घोर.

एमेटची निरोपाच्या दिवसाची टोपी मी आधीच करून बसले ना — पुठ्ठ्याची, पिवळ्या गोंड्याची. ती घालूनच सकाळी कॉर्नफ्लेक्स खातो. त्याला अजून सांगितलं नाही. पोस्टर शाळेच्या दारातच लागणार, तो वरच्या ओळीत स्वतःला शोधणार. विचारणार नाही कुणाला. नुसता बघत राहील.

काय म्हणालात? कुठला फोटो जागेवर ठेवायचा? म्हणजे — एकाला पक्का केला की तो हलत नाही, बाकीचे त्याच्या ओळीत येतात? कुणालाही करता येतं? कमिटीला विचारावं लागत नाही?

मग एमेटला पक्का करा. हो, खालच्यालाच. त्याला हलवू नका. आणा सगळ्यांना खाली. मर्नाची ती वेण्यावाली — तिला पण. डेकरची असू द्या शेजारी. आता सगळे एकाच मापाचे करा. मावत नाहीत? मग खेटून उभे करा, वर्गात तरी कुठं अंतर ठेवून बसतात? वर रिकामं दिसतंय तर दिसू दे. सूर्य काढा एखादा.

— नमुना? नको, कुणाला पाठवू नका. छापा तुम्ही.