दिपीची जागा आणि माझा बेस

हॅलो?… कोण?… अगो दिपे! थांब थांब, हात रंगाने भरलेत, फोन कानाला लावते नीट… हां, बोल.

नाय, कारखान्यातच हाय, हमरापूरला. डोळ्यांची आखणी चाललीय. नऊ गणपती झाले सकाळपासून… आता जेवणाची सुट्टी, बोल तू. बाळीचा ताप?… उतरला ना? बरं झालं गो. दूध पिते?… मग झालं तर.

कालचं, रोह्याच्या कार्यक्रमाचं? सांगते ना… अगो, सांगते! तुला मितेशचा फोन नाय आला?… नाय? गिटार वाजवायला दिली की बाकीचं विसरतो तो माणूस.

नाय, पडलो नाय. ऐक आधी. तू सासरी खांबला गेलीस, बाळंतपण आलं, मग पेणच्या कार्यक्रमात आम्ही तिघंच उभे राहिलो होतो, आठवतंय?… व्हय, तोच. गिटार, ड्रम आणि मी. तुला तेव्हा सांगितलं छान झाला म्हणून. खोटं सांगितलं. तू ओली बाळंतीण, तुला काय सांगायचं?… अगो, भयाण झालेला! मितेश गातोय तोवर ठीक. तो गाणं सोडून गिटारचा लीड वाजवायला वरच्या सुरांत गेला की खाली काहीच नाय. रिकामी खोली. मी स्टेजवरून उतरल्यावर आमच्या सगुणाकाकी म्हणाल्या, “पोरी, मधेच लाइट गेल्यासारखं काय वाटत होतं गो?”

हसू नको. मी घरी येऊन जेवले नाय त्या दिवशी.

मितेश म्हणाला, अलिबागचा एक कीबोर्डवाला हाय, त्याला घेऊ… हां, तुझ्या जागी… तुला नाय सांगितलं, व्हय, मीच सांगू दिलं नाय. मी म्हटलं, दोन महिने दे मला. माझ्या बेस गिटारवर काय होतं ते बघते. नाय जमलं तर घे तुझा अलिबागवाला.

काय केलं? आधी चुकीचंच केलं. भराभर वाजवायला लागले, दिसेल तिथे सूर कोंबले. अक्षयने ड्रम थांबवला आणि म्हणाला, “प्रतिक्षा, तू जागा भरत नायस, पळतेयस.” असा राग आला मला! पण खरं होतं.

मग उलटं केलं. सूर लांबवायचा. पुढचा येईपर्यंत बोट उचलायचंच नाय. गाणं चालू असताना साधं वाजवायचं, अक्षयच्या पायाच्या ड्रमला चिकटून, म्हणजे दोघांचा ठोका एकच ऐकू येतो. आणि मितेश लीडवर गेला की मी दोन तारा एकदम… व्हय, बेसवर पण होतं. फक्त अगदी खाली नाय करायचं, चिखल होतो आवाजाचा. जरा वर सरकून. आणि एक पेडल घेतलंय, दाबलं की आवाज जाड होतो, खरखरीत. पण ते लीडपुरतंच. लीड संपला की बंद. नायतर मितेशचं गाणं कोण ऐकणार?

हो गो, येते रोह्यावर. किती घाई!

हॉल भरलेला. वाचनालयाचा कार्यक्रम ना, त्यामुळे शहाणी माणसं सगळी, हाताची घडी घालून बसलेली. दोन गाणी बरी झाली. तिसरं तुझं… मिठागराचं, तू चाल लावलेलं. वाजवू नको म्हणत होता मितेश, कीबोर्डशिवाय कसं होणार म्हणून. मीच हट्ट धरला.

तर लीड सुरू झाला आणि टण्ण! तार तुटली… अगो बेसची कशी तुटेल, गिटारची! मितेश पाठ करून पिशवीत तार शोधतोय. आता गिटार नाय, गाणं नाय. मी अक्षयकडे बघितलं, अक्षय माझ्याकडे. थांबलो असतो तर संपलंच होतं…

नाय, नाय थांबलो. सगळ्यांत जाड तार मोकळीच छेडली. गाण्याचा मूळ सूर तोच ना, मग वाजू दे म्हटलं, घुमू दे. आणि वरच्या बारीक तारेवर तुझी चाल वाजवली. तू वाजवायचीस तशीच, त्याच हरकती घेऊन. मोकळी तार विरायला आली की परत छेडायची, आणि चाल पुढे. अक्षयने झांजा हलक्या हलक्या सुरू केल्या. आणि दिपे, पहिल्या रांगेतल्या बाया गुणगुणायला लागल्या. शप्पथ! मग मागून टाळ्यांचा ठेका. मितेशची तार लावून झाली होती, तरी हा आपला उभा. ऐकत! मी मानेने खुणावलं तेव्हा आला.



ऐक, अजून हाय. खाली उतरल्यावर मितेश म्हणाला, “आता चौथा माणूस नको आपल्याला.” मला आधी असं भारी वाटलं… आणि मग धस्स झालं. म्हटलं, मितेश, दिपी चौथा माणूस नाय. तिची जागा जाऊ नये म्हणून वाजवलं मी, ती बंद करायला नाय… हां, तोंडावर म्हटलं. मान खाली घालून म्हणाला, तसं नव्हतं म्हणायचं.

रडतेस काय गो?… मग? नाक का ओढतेस?

काय?… कीबोर्ड मैनाला देऊन टाकणार होतीस? तुझ्या नणंदेला? कधी ठरवलं?… आज हेच सांगायला फोन केलास?… घरचे काय बोलले का?… नाय? तूच ठरवलंस? आमचा खोळंबा होतोय म्हणून? येडी हायस काय!

हं… हं… बोल, ऐकतेय… पेणचं छान झालं म्हटलेलं तुला तेव्हाच पटलं नव्हतं?… व्हय… म्हणजे तू नसलीस की आमचं वाजत नाय, याचंच ओझं होतं तुला?… आणि आता?… आता उतरलं?

अगो मग तेच ना! आमचं तिघांचं उभं राहतंय. तुला जमेल तेव्हा ये, नाय जमलं तर नको येऊस. कोणाचं अडत नाय, आणि तू आलीस की… तू आलीस की मजा येते, बस. दुसरं काय कारण लागतं?

या रविवारी सरावाला? खरं?… रामवाडीलाच, अक्षयच्या घरी, चार वाजता. बाळीला घेऊनच ये… झोपत नाय? मांडीवर घे… हां, एका हाताने धरावं लागणार, मग काय झालं?

अगो ऐक. डावा हात बाळीला दे, उजव्याने वाजव. डाव्या हाताचे खालचे सूर मी बेसवर वाजवते… व्हय, सगळे.

चल, ठेव आता. रविवारी.