सुटा भाग

(दोहाच्या सनाइयातलं, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीतलं, एक वर्कशॉप. लेथवर नसरुद्दीन, दापोलीकडचा. अश्फाक म्हसळ्याचा, त्याच मालकाचा, म्हणजे अरबाबचा, ड्रायव्हर. अश्फाकची पिकअप आत वळली की नसरुद्दीन लेथ बंद करतो. मागे काय लादलेलं असणार, ते त्याला न बघता कळतं.)

अश्फाक : ...नि वर मलाच म्हणतो कसा, तू पिकअप आदळत आणलीस म्हणून मोडली! अरे बाबा, मोडली म्हणूनच तर पिकअपवर चढवली ना मी? धर ती दोरी, नसरूभाई. उतरव तुझ्या लाडकीला.

नसरुद्दीन : चाकं गेली परत?

अश्फाक : चाकं गेलीच. खालच्या पट्ट्यापण गेल्या. मेणबत्तीसारख्या वितळल्या. वास घेऊन बघ.

नसरुद्दीन : वितळणारच. बर्फावर चालायची गाडी ही, अश्फाक. पट्टा फिरताना खालचा बर्फ त्या पट्ट्यांना गार ठेवतो. बर्फ हेच हिचं तेल नि बर्फ हेच हिचं पाणी. वाळू काय गार करणार? वाळू हाडं खाते हिची.

अश्फाक : हे अरबाबच्या पोराला सांग, जियादला. कॅनडाला शिकायला गेला, शिकला काय ते खुदा जाणे, येताना ही घेऊन आला. आता सीलाइनच्या वाळूच्या टेकड्यांवर उडवतो नि दोस्तांना दाखवतो. बाप बघतो नि खूश होतो. एकुलता एक ना!

नसरुद्दीन : कॅनडातून सुटे भाग मागवा म्हटलं होतं मी.

अश्फाक : मागवले तर यायच्या आत थंडी संपेल. त्याला शुक्रवारी पाहिजे. आणि अरबाब म्हणतो, मागवायचे कशाला, नसरुद्दीन बनवतो की.

नसरुद्दीन : माझ्या खुरूजचं विचारलंस का त्याला?

अश्फाक : विचारलं.

नसरुद्दीन : मग घोडं कुठे अडलंय?

अश्फाक : घोडं इथेच अडलंय, हे बघ, तुझ्यासमोर. म्हणाला, शुक्रवारी गाडी पळाली की शनिवारी सही.

नसरुद्दीन : तुझ्यासमोर म्हणाला? नक्की?

अश्फाक : गाडीत मागे बसून म्हणाला. आरशात बघत होतो मी त्याच्याकडे.

नसरुद्दीन : देशाबाहेर जायच्या कागदावर एवढी एक सही, अश्फाक. ती नसली तर विमानतळावरचा पोलीस मला दारातूनच मागे फिरवेल. आणि तिकडे मां अंथरुणाला खिळली हाय.

अश्फाक : म्हणून तर सांगतो, लाग कामाला. यल्ला. पितळेचा रॉड आणू का नायलॉनचा?

नसरुद्दीन : दोन्ही आण. चाकं नायलॉनची करतो, आत बंद बेअरिंग घालतो, वरून पितळेचं झाकण. वाळूला शिरायला फटच ठेवत नाय. आणि भंगारातल्या त्या पिकअपचा रेडिएटर काढून आण. इंजिनाला बर्फ मिळत नाय, तर निदान पाणी देऊ.

०

फरजाना : हॅलो? हॅलो! अवो, मागे कसली घरघर ती? काय ऐकू येत नाय.

नसरुद्दीन : लेथ हाय. थांब, बंद करतो. हं, बोल. मां कशी हाय?

फरजाना : कशी असणार? लकवा गेलाय त्या बाजूचा हात अजून उचलत नाय. पण हाताचं मला काय वाटत नाय. जेवणाचं वाटतं. तोंड मिटून बसते.

नसरुद्दीन : तू भरव ना.

फरजाना : भरवत नाय का मी? चमचा पुढे केला की मान फिरवते. म्हणते, नसरू आल्यावर खाईन, नसरूच्या हातून. हमिदाबुबू सासरहून आली, पोटची पोर, तिलापण तेच. काल पेज नि सोडे केले होते तिच्या आवडीचे. वाटी उडवून दिली.

नसरुद्दीन : फोन दे तिच्या कानाला. मी सांगतो.

फरजाना : दिला होता की मागल्या वेळी! तुमचा आवाज ऐकला नि घरभर शोधत बसली, कुठे लपलाय म्हणून. रडून रडून घसा बसला तिचा. नको तो फोन. तुम्हीच या.

नसरुद्दीन : येतो. शुक्रवारी गाडी पळाली की शनिवारी सही हाय.

फरजाना : कसली गाडी?

नसरुद्दीन : बर्फावरची.

फरजाना : कतारात?

नसरुद्दीन : हां.

फरजाना : तुम्ही जेवताय ना वेळेवर? उन्हात फिरू नका जास्त.

नसरुद्दीन : अगो, खरंच सांगतोय! अरबाबच्या पोराची हाय. तुला आल्यावर सगळं सांगतो. तू फक्त चार दिवस मांच्या पोटात काहीतरी घाल. कसंही घाल.

फरजाना : कसंही म्हणजे कसं?

नसरुद्दीन : ते मी इथून काय सांगू? तूच बघ.

०

अश्फाक : पळाली! नसरूभाई, काय पळाली माहितीय! टेकडीवरून अशी खाली आली की बघणारे ओरडायला लागले. अरबाबने माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या! मी काय केलं होतं? दोरी धरली होती.

नसरुद्दीन : चाकं?

अश्फाक : फिरतात मस्त. एकात कण नाय वाळूचा. रेडिएटर थोडा गळतो, बाकी बेश.

नसरुद्दीन : अलहम्दुलिल्ला. मग आज शनिवार. सही आणलीस?

अश्फाक : पाणी हाय का रे इथे कुठे?

नसरुद्दीन : अश्फाक.

अश्फाक : सांगतो ना. आधी घोटभर पिऊ दे. हे बघ, मी सकाळीच मजलिसमध्ये गेलो. म्हटलं, अरबाब, नसरुद्दीनची आई आजारी हाय, तुम्ही शब्द दिलेला. तर म्हणाला, हो हो, जाईल ना. सीझन संपला की जाईल. इन्शाल्ला.

नसरुद्दीन : सीझन?

अश्फाक : थंडी हाय तोवर पोरगा रोज गाडी काढणार. मधेच मोडली तर कोण बघणार, म्हणाला. साऱ्या दोहात असा हात नाय म्हणाला. तुझी तारीफच केली रे!

नसरुद्दीन : तारीफ घालू चुलीत! सीझन संपेपर्यंत मां राहील काय?

अश्फाक : माझ्यावर कशाला ओरडतोस?

नसरुद्दीन : मग कुणावर ओरडू? तो म्हणाला इन्शाल्ला. त्याच्यावर मी काय बोलणार? कुठल्या तोंडाने बोलणार? अल्लाचं नाव पुढे केलं की माणसाचं तोंडच बंद.

अश्फाक : गाडी बिघडली होती तेव्हा बिघडली म्हणून अडकलास. आता चालते म्हणून अडकलास. आगीतून फुफाट्यात. एक सांगू? रागावणार नसशील तर.

नसरुद्दीन : सांग.

अश्फाक : पुढच्या वेळी चाक कच्चं बनव. बेअरिंगला सैल ठेव. दोन-तीनदा जागेवर बसली की कंटाळेल तो. त्याचं मन किती दिवस टिकतं, मला विचार. मग खलास. गाडी भंगारात नि तू विमानात.

नसरुद्दीन : आणि टेकडी उतरताना चाक निखळलं तर?

अश्फाक : तर काय, वाळूतच पडेल ना.

नसरुद्दीन : मान मोडून पडला तर? त्यालापण मां हाय. तिला कोण सांगायला जाईल, तू की मी?

अश्फाक : नाय रे, एवढं कुठे...

नसरुद्दीन : नको अश्फाक. जे करायचं ते पक्कंच करीन. मोडलं की परत करीन. आणखी काय माझ्या हातात हाय?

अश्फाक : मग बस करत. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं!

०

अश्फाक : हात पूस.

नसरुद्दीन : थांब, ही पट्टी लेथवरून काढू दे. जियादला सांग, संध्याकाळी गाडी आण, बसवून देतो.

अश्फाक : राहू दे ती पट्टी. हात पूस म्हणतो ना. तेलकट हाताने धरू नकोस हे. खुरूज हाय तुझं. नि हा पासपोर्ट.

नसरुद्दीन : सही केली?

अश्फाक : केली. चहा पिता पिता केली. बघितलंपण नाय कागदाकडे.

नसरुद्दीन : पण सीझन कुठे संपलाय? थंडी हाय अजून.

अश्फाक : जियादचा संपला. सूक वाकिफच्या बाजारातून बाज आणलाय शिकारीचा. आता दिवसभर त्याला मनगटावर घेऊन हिंडतो. अरबाबच म्हणाला, त्या नसरुद्दीनला आता इथे काय काम, जाऊ दे.

नसरुद्दीन : आणि गाडी?

अश्फाक : कंपाउंडमागे पडलीय, बकऱ्यांच्या गोठ्याजवळ. एक बकरी बसते तिच्या सीटवर. हस की रे! सुटलास ना?

नसरुद्दीन : हसतो. नवीन झाकणं कालच बसवली होती मी तिला.

अश्फाक : सोड ती झाकणं. घरी फोन लाव. हे घे, कार्डात पैसे हायत माझ्या.

०

नसरुद्दीन : फरजाना! झाली सही! उद्याच्या विमानाने मुंबई, परवा सकाळी घरी. ऐकतेस ना?

फरजाना : ऐकते. शुकर अल्लाचा.

नसरुद्दीन : मग असं कोरडं काय बोलतेस? मां बरी हाय ना? खरं सांग.

फरजाना : बरी हाय. जेवते. काल ओट्यावर उन्हाला बसली होती.

नसरुद्दीन : जेवते? कुणाच्या हातून?

फरजाना : तुमच्या.

नसरुद्दीन : काय बोलतेस?

फरजाना : शेजारच्या मुनीराखालाचा जाफर ठाऊक हाय ना, रिक्षावाला? मांची औषधं घेऊन आला होता. दारात उभा राहिला नि मां म्हणाली, नसरू, आलास? दाढी तुमच्यासारखीच, उंची तेवढीच. तो बावरला. मी मागून खूण केली, हो म्हण.

नसरुद्दीन : तू खूण केलीस?

फरजाना : केली. नि पेजेची वाटी त्याच्या हातात दिली. सगळी प्यायली, अवो, तळापर्यंत. तेव्हापासून रोज येतो बिचारा, दोन्ही टायमाला, भाडं सोडून. मां त्याच्या डोक्यावरून हात फिरवते. म्हणते, आता कतारला जाऊ नको बाबा. तो म्हणतो, नाय जाणार.

नसरुद्दीन : मला आधी सांगायचं नाय?

फरजाना : काय सांगू फोनवर? तुमच्या जागी दुसरा आणून बसवला म्हणून? तुम्हीच म्हणाला होतात, कसंही घाल पोटात. तुमच्या अरबाबची सही होईपर्यंत तिची भूक थांबणार होती का?

नसरुद्दीन : नाय. बरोबर केलंस तू. आता मी येतोच हाय. जाफरला म्हणावं, तुझे उपकार झाले. परवापासून मी भरवीन.

फरजाना : तेच तर सांगायचंय. हमिदाबुबूने तुमचा लग्नातला फोटो दाखवला मांला. म्हणाली, हा बघ तुझा नसरू, तो जाफर हाय. मां असली चिडली! म्हणाली, हा कोण परका? माझा लेक समोर बसलाय नि मला फसवता? दोन दिवस पाण्यालापण शिवली नाय. मग जाफरनेच समजूत काढली.

नसरुद्दीन : म्हणजे मी येऊ नको?

फरजाना : असं कसं बोलता? या. मी वाट बघून बघून थकले. पण एकदम समोर जाऊन, मां मी नसरू, असं म्हणू नका. तिला नाय सोसायचं ते आता.

नसरुद्दीन : मग कोण म्हणू?

फरजाना : मी सांगेन, नसरूचा दोस्त आलाय, कतारहून.

नसरुद्दीन : दोस्त.

फरजाना : हां. तुम्ही जवळ बसा तिच्या. नसरूचा दोस्त आला की चहा विचारते ती अजून.