बारावं डोमेन

कोपऱ्यावरच्या लॅबचा माझा रिपोर्ट तीन आठवडे आला नव्हता, म्हणून मी डॉक्टरांना विचारायला आले होते. शेजारी एक बहीण-भाऊ बसले होते. त्यांची आई आत तपासणीला गेली होती.

"ताई, त्या कोपऱ्यावरच्या लॅबवाल्यांना शिव्या घालू नकोस. त्यांनी रिपोर्ट वेळेवर पाठवला होता."

"मग आईला मिळाला का नाही?"

"माझ्यामुळे. त्यांच्या मेलचा सर्व्हर मीच सांभाळतो."

"नीट सांग."

"एकाच सर्व्हरवर बारा जणांची डोमेन आहेत. मागच्या महिन्यात मी सर्व्हर बदलला. आता मेल कुठून येणार, ते प्रत्येकाच्या डोमेनच्या डीएनएस नोंदीत, म्हणजे इंटरनेटवरच्या नोंदवहीत, नव्यानं लिहावं लागतं. अकरा जणांचं लिहिलं. लॅबचं राहिलं."

"म्हणजे?"

"म्हणजे मेल पोचायची, पण तोतया समजून स्पॅममध्ये ढकलली जायची."

"आई रोज विचारायची, आला का रे रिपोर्ट. तू काय सांगायचास?"

"आला नाही म्हणजे सगळं ठीकच असेल."

"मघाशी डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना?"

"ऐकलं. उशीर केलात म्हणाले."

"आईला यातलं काही कळता कामा नये."

"नाही कळणार."

"आता तरी दुरुस्त केलंस?"

"काल केलं. पण आधी गेलेल्या मेल लोकांच्या स्पॅममध्येच पडून आहेत."

"किती जणांच्या?"

"तीनशे चाळीस."

मी पर्समधून फोन काढला, स्पॅम उघडलं आणि खाली सरकवत गेले. लॅबची मेल होती, तीन आठवड्यांपूर्वीची.