डॉक्टरांकडे राहिलेली शेवटची दहा पानं

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या तरुणीच्या कानावर शेजारच्या नणंद-भावजयांचं बोलणं पडत होतं.

“वहिनी, ती खुनाची चित्रकादंबरी माझी होती. शेवटची दहा पानं राहिली होती.”

“डॉक्टरांनी वाचायला मागितली. नाही कसं म्हणणार?”

“माझ्या वस्तू वाटताना तुम्ही भलत्याच दानशूर.”

“गुप्तहेर प्रेताचा जबाब घेतो आणि सहीसाठी ताटकळतो, तिथे किती हसले ते.”

“हसले ना? आता परत द्या म्हणावं.”

“त्यासाठीच तर तिसऱ्यांदा आलेय.”

“दोन दाढा गेल्या, पुस्तक काही आलं नाही.”

“मागणार कशी? सगळा वेळ त्यांचा हात माझ्या तोंडात.”

आतून पुढच्या नंबरची हाक आली.

“बसा तुम्ही, वहिनी. आज मी जाते.”

“अगं, तुझी कुठली दाढ दुखतेय?”

“कुठलीही चालेल.”