पोवळ्यांचा दिवा मी बंद केला

बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिल्या दोन रांगा रिकाम्या आहेत. शोकसभेत पुढे बसायला माणसं का बिचकतात कोण जाणे.

मी दिलीपची थोरली बहीण. बोदवडच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं, त्यामुळे माईकची मला कधी भीती वाटली नाही. आज वाटते आहे. धाकटा भाऊ गेल्यावर थोरल्या बहिणीने बोलायचं ही रीतच उलटी आहे. तरी तुम्ही सगळे भर उन्हात आलात. कोणी धुळ्याहून, कोणी पहूरहून, कोणी दुकानाचं शटर अर्धं ओढून. तुमचे उपकार आहेत.

माझ्याआधी जे बोलले ते सगळं खरं आहे. दिलीपने पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्या. जळालेली मोटार त्याच्या दुकानात गेली की चालू होऊनच बाहेर यायची. कोणाचं पाणी त्याने अडू दिलं नाही. त्याच दुकानात, हातात पाना असताना तो कोसळला. छातीत कळ आली आणि संपलं. हे सगळं बोलून झालं आहे. मी त्याचं कौतुक करायला उभी राहिलेली नाही. मी मदत मागायला उभी आहे. आणि त्याआधी मला माझी चूक सांगायची आहे, कारण ती सांगितल्याशिवाय मदत मागण्याचं तोंड नाही मला.

त्याच्या मेहरूणच्या घरात बाहेरच्या खोलीत काचेची मोठी टाकी आहे, ती तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिली असेल. समुद्राच्या पाण्याची. मासे चारच. बाकी सगळी पोवळी. जांभळी, हळदीसारखी पिवळी, एक हिरवं, एक असं गुलाबी की मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, दिल्या, प्लास्टिकचं आहे ना रे हे? तो हसत सुटला होता.

मी त्याची फार थट्टा केली. म्हटलं, पोवळं माणसं अंगठीत घालतात, तू पाण्यात घालून बसलास. समुद्र कुठे, जळगाव कुठे? उन्हाळ्यात इथे माणसं भाजून निघतात आणि तुझी पोवळी थंड खोलीत. मंगल, त्याची बायको, स्वयंपाकघरात पंख्याखाली घामाघूम, आणि गारवा टाकीला. मी बोलले होते त्याला यावरून. तो काय म्हणाला? आम्ही दोघं एकमेकांशी माहेरचीच बोली बोलायचो. म्हणाला, "अक्का, हाऊ दगड नही, जीव शे. याले उजेडच जेवण शे." आणि वर म्हणाला, "तू बठ्ठास्ले शिकाडस, एक गोट माले शिकाडू दे."

सगळ्यांना शिकवणारीला मग त्याने शिकवलं. मी अर्धा कान देऊन ऐकलं. जन्मभर पोरांना म्हणत आले, लक्ष कुठे आहे तुझं? माझं लक्ष कुठे होतं?

जेवढं ऐकलं तेवढं सांगते. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न करतं आणि पोवळ्याला भरवतं. उजेड कमी पडला की रंग मळतो. एकदम जास्त झाला की उडतो. उन्हाने पाणी आटतं पण मीठ आटत नाही, म्हणून रोज वरून साधं गाळलेलं पाणी घालायचं, खारं नाही. फार स्वच्छ केलं तरी पोवळी उपाशी राहून फिकी पडतात. दर रविवारी थोडं पाणी बदलायचा, मीठ मोजून घालायचा, तासभर काचेसमोर बसायचा. मी विचारलं, रंग यावा म्हणून औषध काय घालतोस? तो म्हणाला, रंग घालता येत नाही अक्का. मीठ तेवढंच, गारवा तेवढाच, उजेड तेवढाच, रोज. मग रंग आपला आपण राहतो.

रोज. हा शब्द त्याने किती वेळा म्हटला असेल.

आता माझं ऐका.

तो गेला त्या दुपारी मी बोदवडहून आले. घर माणसांनी भरलेलं. त्याला खाली ठेवलेलं. आणि डोक्याशी ती टाकी, निळ्याजांभळ्या दिव्यांनी झगमगत. एक बाई दुसरीला म्हणाली, आणि मी ते ऐकलं, "घरात मयत आणि हे लग्नासारखे दिवे?" माझ्या अंगाची लाही झाली. मी उठले आणि दिव्याची पिन उपसली. मंगल म्हणाली, "अक्का, तो लाईट राहू द्या. ते म्हणायचे, लाईट नाही चुकवायचा." नवरा गेलेली बाई ती. आणि मी थोरली नणंद. मी म्हणाले, "चार दिवस तरी शोभेचं काही नको मंगल. लोक काय म्हणतील?" पांढरी चादर आणली आणि टाकी झाकली. आपल्याकडे करतात ना तसं. मला वाटलं, मी रीत पाळली.

जिथे दिलीपला ठेवलं होतं तिथे पीठ पसरून त्यावर दिवा लावला. तो दहा दिवस विझू दिला नाही मी. तेल संपायच्या आत तेल. वारा लागू नये म्हणून वर टोपली. कोणाला जवळून भरभर चालू दिलं नाही. आणि दोन हातांवर त्याने स्वतः लावलेला दिवा, जो त्याने एक दिवस चुकवला नव्हता, तो माझ्याच हाताने बंद. दोन्ही दिवे एकाच खोलीत होते. मला दिसलं कसं नाही?

चार दिवसांचे चौदा झाले. माणसं येत होती, चादर कोण काढणार? चौदाव्याचं जेवण उरकल्यावर मंगलनेच काढली. आत सगळं चहाच्या चोथ्यासारखं. कुठलं जांभळं कुठलं पिवळं ते ओळखू येईना. तिने चादरीची घडी करून माझ्या हातात दिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

इथवर अजून उपाय होता म्हणे. पण मी गप्प बसणारी नाही ना. चूक केली की लगेच दुरुस्त करायची, हा माझा स्वभाव. मी दिवे लावले, सगळेच्या सगळे, पूर्ण. सकाळी लावले ते विझवलेच नाहीत. म्हटलं, चौदा दिवसांची भरपाई करू. उपाशी माणसाला कोणी पंगतीला बसवून लाडू भरवतं का? मी भरवले. तिसऱ्या दिवशी टाकी पांढरी. हाडासारखी पांढरी. फांद्या तशाच, रंग नाही.

मग मी पुण्याच्या एका दुकानदाराला फोन केला, मिठाच्या डब्यावर नंबर होता. तो भला माणूस, ओरडला नाही. म्हणाला, पांढरं म्हणजे मेलेलं नाही. काचेतून नीट बघा, फांदीवर पातळ कातडं दिसतं का? मी भिंग घेऊन बघितलं. काहींवर नाही. ती गेली. काहींवर आहे. तो म्हणाला, आहे तोवर आशा आहे, थोडेच आठवडे. उजेड अगदी मंद ठेवा, हळूहळू वाढवा. बाकी फोनवरून नाही सांगता येत, टाकी ओळखणारा माणूस पाहिजे.

टाकी ओळखणारा माणूस. तो समोर फोटोत आहे, हार घालून.

मंगल आज इथे आलेली नाही. तुम्हाला वाटलं असेल, दुःखाने. नाही. ती टाकीसमोर बसली आहे. मंद उजेड चुकू नये म्हणून ती हलत नाही. तिला मूलबाळ नाही हे तुम्हाला माहीत आहे. परवा ती मला म्हणाली, "अक्का, ते दुकानात गेले. मला शेवटचं काही बोलले नाहीत. हे एवढंच त्यांच्या हातचं जिवंत आहे." तिने मला दोष दिलेला नाही. मी रोज वाट बघते की देईल. मला सांत्वन नको आहे हो. माझ्या हातून भाऊ दोनदा जातो आहे आणि मला काही येत नाही.

एकच धागा हाती आहे. मंगलला आठवतं, मागच्या दिवाळीनंतर धुळ्याचे एक गृहस्थ आले होते. जाड भिंगाचा चष्मा, सोबत बायको. दिलीपने त्यांना त्या जांभळ्या पोवळ्याची फांदी तोडून दिली, पिशवीत, खाऱ्या पाण्यासकट. त्यांनी ती डब्यात घालून मांडीवर धरून एसटीने नेली. मंगल रागावली होती, चांगली फांदी कशाला तोडलीत म्हणून. दिलीप म्हणाला, आपल्या घरी काही बिघडलं तर दुसऱ्याच्या घरी ती राहते. त्याने त्यांना सगळं शिकवलंही होतं, दोन रविवार. नाव मंगलला ठाऊक नाही. दिलीपचा फोन आम्हाला उघडता येत नाही. या सभेचा निरोप धुळ्याच्या सगळ्या ग्रुपवर मी त्याचसाठी पाठवायला लावला. हे खरं कारण आहे या सभेचं. माफ करा मला.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू. दिलीपसाठी. सगळ्यांनी डोळे मिटा, माना खाली घाला. फक्त ज्यांच्या घरी ती फांदी आहे त्यांनी मान खाली घालू नये. बोलायची गरज नाही, हात वर करायची गरज नाही. नुसतं माझ्याकडे बघा.

मी डोळे मिटणार नाही. उभे राहा.